माशीची नोंदवही

2025 मध्ये अमेरिकी सरकारनं हार्वर्ड विद्यापीठाची संशोधन अनुदानं थांबवली. त्या बातम्यांच्या गर्दीत फ्लायबेसवरचा घाव फारसा कुणाला दिसला नाही. फळमाशीच्या जनुकांबद्दल जगभर जे छापून येतं ते वाचून, पारखून नोंदवणारा हा डेटाबेस 1992 पासून चालू आहे. हार्वर्डमार्फत येणारे त्याचे पैसे थांबले आणि तिथल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या. 'नाहीतरी हे काम आता एआय करेल' असं म्हणणाऱ्यांनी ते काम एकदा नीट बघावं.

सुरुवात निवडीपासून होते. नव्या शोधनिबंधांपैकी कोणता मुळापासून वाचायचा आणि कोणत्याची नुसती नोंद पुरे, हे ठरवावं लागतं. संगणकावर जनुकाचं नाव शोधलं की झालं, असं वाटेल. पण माशीच्या जनुकांची नावं बघा. 1910 मध्ये टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि त्या जनुकाला 'व्हाइट' नाव मिळालं. म्हणजे डोळ्याला रंग चढायला जे जनुक लागतं, त्याचंच नाव पांढरं! बिघडल्यावर काय होतं त्यावरून नाव ठेवायची ही रीत मला फार आवडते. अन्नासाठी अळी किती भटकेल हे ठरवण्यात वाटा असलेल्या 'फोरेजिंग' जनुकाचं लघुरूप तर 'फॉर'. इंग्रजी मजकुरात ते शोधणं म्हणजे सांगलीत उतरून 'दादा कुठं राहतात?' असं विचारणं.

संदर्भ ओळखायला यंत्रं आता शिकली आहेत, हे खरं. पण खरी अडचण त्यापुढची आहे. माशीत बाहेरून जनुक घालताना त्याला अनेकदा 'व्हाइट'ची चांगली प्रत जोडतात. पांढऱ्या डोळ्यांच्या वाणाच्या पुढच्या पिढीत डोळे रंगलेले दिसले, की जनुक आत गेलं. त्यामुळे कितीतरी निबंधांत 'व्हाइट' हे जनुक म्हणूनच येतं, आणि तरी निबंध त्याच्याविषयी नसतो. उलट झोपेवरच्या एखाद्या निबंधाच्या पुरवणी तक्त्यात, एकाच ओळीत, अगदी नवं उत्परिवर्तन दडलेलं असू शकतं. सारांशात त्याचा उल्लेखही नसतो. ते हेरायला प्रयोग कसा करतात हे अंगवळणी पडलेला वाचकच लागतो.

असा एक वाचक होता कॅल्व्हिन ब्रिजेस. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतला हा तल्लख माणूस माश्यांच्या उत्परिवर्तनांच्या नोंदी जमवत होता. 1938 मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी तो गेला. त्याच्या टिपणांतून ग्रंथ उभा केला तो कॅथरीन ब्रेम यांनी. 1944 मध्ये तो दोघांच्या नावानं निघाला. मॉर्गन पाठ्यपुस्तकात भेटतात, ब्रिजेसही अधूनमधून भेटतो. ब्रेम यांचं नाव मात्र माशीवाल्यांच्या वर्तुळाबाहेर कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते. दुसऱ्याची टिपणं वाचून काय ठेवायचं, काय गाळायचं हे ठरवणं ही कारकुनी नव्हे.

पुढे लिंडस्ली आणि ग्रेल यांनी 1968 मध्ये हीच यादी वाढवली. तिच्यात उत्परिवर्तनांना दर्जा दिलेला आहे: प्रयोगात ओळखायला सोपं आणि भरवशाचं असेल तर पहिला, नसेल तर त्याखालचा. नोंदीतच असा निवाडा! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज माशीच्या वास-चवीचा अभ्यास करत होते, तेव्हा जगभरच्या माशीवाल्यांच्या हाताशी हाच ग्रंथ असे.

याच ग्रंथाची परंपरा पुढे नेणाऱ्या फ्लायबेसमध्ये आता यंत्रंही कामाला लावलेली आहेत. निबंधात नवं उत्परिवर्तन असण्याची शक्यता किती, याचा कौल ती देतात, आणि लेखकांनाही 'तुमच्या निबंधात काय नवं आहे?' असं विचारलं जातं. पण यंत्रं हा कौल द्यायला शिकली ती माणसांनी आधी वाचून लावलेल्या खुणांवरूनच. नव्या तंत्राचे निबंध येऊ लागले की नव्या खुणा लागतात, आणि त्या लावायला पगारी माणसं लागतात.