गोठलेली भूमि आणि तिचे नकाशे

सैबेरियांतील याकुत्स्क शहरीं १८२८ च्या सुमारास शेरगिन नांवाच्या एका व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्यानें पाण्यासाठीं विहीर खणावयास घेतली. आपल्याकडे इतक्या खोलीवर पाणी न लागलें तर मालक केव्हांच हात टेकतो. शेरगिन हट्टी होता. त्यानें वर्षानुवर्षें खणती चालविली व तो ११६ मीटर, म्हणजे सुमारें ३८० फूट, खोल गेला. परंतु पाणी लागलें नाहीं. वरपासून तळापर्यंत सारी भूमि दगडासारखी गोठलेली होती. पुढें १८४४ सालीं मिडेनडॉर्फ नांवाचे शास्त्रज्ञ तिकडे गेले असतां त्यांनीं याच विहिरीच्या भिंतींत उष्णतामापकें बसवून तपमान मोजलें. तळाशींही तें शून्याखालीं सुमारें तीन अंश भरलें.

अशा भूमीस ‘पर्माफ्रॉस्ट’ असें नांव आहे. आपण तीस ‘नित्यहिम भूमि’ म्हणूं. मात्र या नित्यत्वाची व्याख्या वाचून आमच्यासारख्या व्याकरणाच्या विद्यार्थ्यास हंसूं येतें. जी जमीन लागोपाठ दोन वर्षें शून्य अंशाच्या वर गेली नाहीं, ती शास्त्रज्ञांच्या मतें नित्य! आमच्या वैयाकरणांनीं कूटस्थनित्य आणि प्रवाहनित्य असा भेद केला. हें द्विवार्षिक नित्यत्व त्यांस सुचलें नव्हतें. शाळेंत टुंड्रा शिकवितांना आम्हीही बर्फ, रेनडियर आणि कातड्याचे तंबू एवढें सांगून पुढें जात असूं. त्या भूमीवर मोठीं शहरें वसलीं आहेत, तेलाच्या नळवाहिन्या गेल्या आहेत, आणि पृथ्वीचें हवामान तापत चालल्यामुळें तीच भूमि आतां वितळूं लागली आहे, हें मुलांस सांगावयाचें राहून गेलें.

मग कोणतें घर खचेल व कोणतें तगेल, हें आधीं सांगतां येईल काय? हवा किती तापेल याचें गणित करून नकाशा रंगविला कीं झालें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु खरा प्रश्न उष्णतेचा नसून मातींत बर्फ किती आहे याचा आहे. कोरडा खडक वितळबिंदूच्या वर गेला तरी तसाच उभा राहतो. उलट, सैबेरियांत कांहीं ठिकाणीं मातीच्या घनफळांतला निम्म्याहून अधिक भाग बर्फाचाच आहे. तो वितळला म्हणजे वरची जमीन अक्षरशः खालीं बसते, झाडें दारुड्यासारखीं कलंडतात आणि खळग्यांत तळीं सांचतात. हा बर्फ वरून दिसत नाहीं. त्यासाठीं विंधनविहिरी घ्याव्या लागतात, आणि त्या विस्तीर्ण प्रदेशाच्या मानानें फारच थोड्या आहेत.

येथें पदार्थविज्ञानांतला एक जुना धडा आडवा येतो. एक ग्रॅम बर्फाचें पाणी करावयास ८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती खर्च होत असतां तपमान शून्यावरून हलत नाहीं. जमीन उणें आठ अंशांवरून उणें सहावर आली तर मापक तें सांगतें. परंतु ती शून्याच्या अगदीं जवळ येऊन आंतला बर्फ वितळूं लागला म्हणजे मापकाचा आंकडा जवळजवळ स्थिर राहतो. ऐन संकटाच्या वेळीं साक्षीदारानें मौन धरावें तसा हा प्रकार! म्हणून जमिनींतून वीज कितपत वाहते हेंही पाहतात. बर्फ विजेस अडवितो, पाणी तिला वाट देतें. शिवाय २०१४ पासून सेंटिनेल उपग्रह रडारच्या साह्यानें जमिनीचें चढणें-बसणें टिपीत आहेत.

फिनलंडमधील यान ह्योर्त व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१८ सालीं सबंध उत्तर ध्रुवप्रदेशाचा नकाशा प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत नित्यहिम प्रदेशांतील सुमारें ७० टक्के बांधकामें वितळूं शकणाऱ्या जमिनीवर असतील व जवळजवळ ४० लक्ष लोकांस त्याची झळ पोंचूं शकेल, असें त्यांचें अनुमान आहे. हा नकाशा मोलाचा खरा. पण त्यांतील एकेक चौकोन सुमारें एक किलोमीटरचा आहे. त्या चौकोनांत कोणाच्या घराखालीं गरम पाण्याचा नळ गळतो, हें त्यास कोठून कळणार?

दिनांक २९ मे २०२० रोजीं नोरिल्स्क शहराजवळ एका वीजकेंद्राच्या डिझेलच्या टाकीचे आधारखांब खचले आणि सुमारें २१,००० टन डिझेल बाहेर पडून अंबार्नाया नदी तांबडी झाली. जमीन वितळली, असें मालकांनीं प्रथम सांगितलें. सरकारी चौकशींत मात्र पायाचे व बांधणीचे दोष आणि देखरेखींतली हयगय पुढें आली. आमच्या मतें दोन्ही गोष्टी एकमेकींस सोडून नाहींत. गोठलेल्या जमिनीनें कच्चा पाया वर्षानुवर्षें झांकून ठेवावा, आणि ती मऊ होतांच तो उघडा पडावा, हें अशक्य नाहीं. मात्र हवामानावर बोट ठेवणें सोपें, खांबांवर ठेवणें खर्चाचें.

यानंतर रशियानें आपल्या हवामानकेंद्रांजवळ सुमारें १४० ठिकाणीं विंधनविहिरी घेऊन भूमीचें तपमान सतत नोंदण्याची योजना हातीं घेतली. याकुत्स्कमध्यें नवीं घरें खांबांवर उचलून, खालून थंड वारा वाहील अशीं बांधतात. शेरगिनची कोरडी विहीरही त्या शहरांत अद्यापि जपून ठेविलेली आहे.