दूरध्वनीवरून आरोग्यविमा : विक्रेत्याचे काम आणि ग्राहकाचे उत्तर

बीड जिल्ह्यातून कामासाठी बाहेर पडणाऱ्यांचा विषय निघाला की प्रथम ऊसतोडणी कामगार डोळ्यांपुढे येतो. तथापि बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेल्या तरुण-तरुणींपुढे आता कार्यालयात बसून करावयाची काही कामेही आहेत. दूरध्वनीवरून आरोग्यविमा विकणे हे त्यांपैकीच एक होय. पुण्यासारख्या शहरातील कार्यालयात कानाला हेडफोन लावून बसलेली केज वा पाटोद्याची मुलगी आणि गावी तिचा फोन घेणारे शिक्षक किंवा ग्रामपंचायत सदस्य, या दोहोंनाही या व्यवहाराची रीत ठाऊक असणे हिताचे आहे.

क्रमांक संगणकच लावून देतो. काय बोलावयाचे याचा मजकूर विक्रेत्याच्या समोर असतो आणि संभाषण ध्वनिमुद्रित होते. पगाराशिवाय मिळणारी प्रोत्साहनपर रक्कम महिन्याच्या ‘टार्गेट’वर अवलंबून असते. बहुतेक लोक बोलणे मध्येच तोडतात. दिवसभर नकार ऐकत राहूनही पुढच्या माणसाशी सौजन्याने बोलणे, हाच या कामातील खरा कष्ट आहे.

या संभाषणातील सर्वांत मोलाचा प्रश्न अगदी साधा असतो : ‘घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब किंवा दुसरा काही आजार आहे काय?’ विमा हा परम सद्भावनेचा करार आहे. ग्राहक जे सांगतो त्यावरच कंपनी जोखीम स्वीकारते. ‘होय’ म्हटल्यास तपासणी लागते, हप्ता वाढू शकतो, विक्री लांबते. म्हणून घाईतला विक्रेता हा प्रश्न भरभर उरकतो आणि ग्राहकही ‘साखर थोडीशीच आहे’ असे मनाशी म्हणून ‘नाही’ असे उत्तर देतो. त्या क्षणी दोघांचेही समाधान होते. पुढे रुग्णालयाचे बिल कंपनीकडे गेले, की अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयातील जुन्या केसपेपरवरची एक ओळ दावा नामंजूर होण्यास कारण ठरू शकते.

वास्तविक, खरे सांगण्याने ग्राहकाचे फारसे नुकसान होत नाही. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२४ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पूर्वीपासून असलेल्या व जाहीर केलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. पूर्वी तो चार वर्षांचा होता. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिल्यास, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करण्याची मुभाही आहे. काही किरकोळ वजावटी होऊन हप्ता परत मिळतो. हे तीस दिवस कागद वाचण्यासाठीच आहेत. पण आपल्याकडे ते बहुधा कपाटातच पडून राहतात! वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, हेही लक्षात असू द्यावे.

ग्रामीण भागात आणखी एक घोटाळा संभवतो. फोनवर ‘पाच लाखांचा विमा’ हे शब्द ऐकले की तो शासनाचा विमा असावा, असा समज होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली आणि १ जुलै २०२४ पासून तिचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी पाच लाख रुपये झाले. या योजनेसाठी कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. मात्र तिचा लाभ संलग्न रुग्णालयांत व ठरावीक उपचारांनाच मिळतो. खाजगी पॉलिसी याहून निराळी आहे, हे विक्रेत्याने स्वतःहून सांगावे आणि ग्राहकाने ते विचारून घ्यावे.

तक्रार असल्यास ती प्रथम कंपनीकडे लेखी द्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. बीड जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यास आहे. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. फोनवर नेमके काय सांगितले गेले याविषयी वाद असल्यास त्या संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाची मागणी करावी. त्यासाठी फोन आल्याची तारीख, वेळ व क्रमांक टिपून ठेवलेला असावा.