जुन्या मंडईचा पुनर्जन्म

१८१३ सालीं मुंबईस येऊन पुढें मराठी शाळा काढणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांना ज्या मंडळानें पाठविलें, त्याचें कार्यालय बोस्टन शहरीं होतें. त्याच शहराच्या मध्यवस्तींतील क्विन्सी मार्केटची हकीकत विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं मनन करण्याजोगी आहे.

जोसाया क्विन्सी हे नगराध्यक्ष असतां १८२६ सालीं ही ग्रॅनाइट दगडाची मंडई उघडण्यांत आली. सव्वाशें वर्षें तेथें मांस, लोणी, भाजीपाला ह्यांचा मोठा व्यापार चाले. पुढें घाऊक व्यापारी गांवाबाहेर प्रशस्त जागेंत गेले. इमारतींस अवकळा आली, आणि त्या पाडून टाकाव्या असा विचार बोलला जाऊं लागला.

परंतु अखेरीस शहराच्या कारभाऱ्यांनीं निराळा मार्ग धरिला. सरकारी अनुदानानें इमारतींच्या दर्शनी भागाची डागडुजी केली. इमारती विकून न टाकतां त्या ९९ वर्षांच्या पट्ट्यानें एका कंपनीस दिल्या. बेंजामिन थॉम्प्सन ह्या शिल्पज्ञानें आंत खाद्यपेयांचीं व इतर दुकानें योजिलीं. २६ ऑगस्ट १९७६ रोजीं, म्हणजे बरोबर दीडशें वर्षांनीं, मंडईचीं दारें पुन्हां उघडलीं आणि ओसाड पडलेला भाग माणसांनीं गजबजून गेला.

ह्यांत उणें कांहींच नाहीं असें मात्र नव्हे. जुने खाटीक व लोणीवाले बहुतेक गेले; आज तेथें प्रवाशांचीच गर्दी फार. म्हणून जुनी वास्तु राखतांना, ती कोणाच्या उपयोगीं पडावी, हा प्रश्न आधीं विचारावा. आपल्या गांवची पडकी धर्मशाळा किंवा चावडी पाहतांना आपणही तो अवश्य विचारावा.