टाकीपर्यंतची वायर

किल्ली फिरवली, सेल्फ लागला, इंजिनाने पकडलंही. बोटं सैल होऊन किल्ली मागे आली त्याच क्षणी गाडी बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. पेट्रोल इंजेक्शन असलेल्या १९८०च्या दशकातल्या टोयोटा पिकअपचं हे ओळखीचं दुखणं आहे आणि त्याचं निदानही बहुतेक गॅरेजांत ठरलेलं असतं: पंप गेला. मग मागचा हौदा उचलायचा किंवा टाकी उतरवायची, नवा पंप बसवायचा, आणि संध्याकाळी गाडी तशीच सेल्फवर पकडते व किल्ली सोडली की मरते. जुना पंप धडधाकट होता. तो धडधाकट असल्याचं गाडी सकाळपासून सांगत होती: पंप मेला असता, तर इंजिनाने पकडलंच नसतं.

ही गाडी मूळची टोकियोची. टोकियो म्हटलं की गिन्झा आणि शिंजुकू डोळ्यांपुढे येतात, पण टोकियो महानगराची हद्द पश्चिमेला डोंगरांपर्यंत जाते आणि त्या बाजूला हामुरा नावाचं छोटं शहर आहे. तिथे हिनो मोटर्सने कारखाना उभारला. ट्रक बनवणारी हिनो १९६६ साली टोयोटाच्या गोटात आली. तिची ब्रिस्का ही छोटी पिकअप काही काळ टोयोटाच्या नावाने विकली गेली आणि मार्च १९६८ मध्ये तिच्या जागी हिनोनेच घडवलेली नवी गाडी आली, हायलक्स. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, एक टन माल, पुढे तिघांची सलग सीट. त्या पहिल्या गाडीत इंधनाचा आणि विजेचा काही संबंधच नव्हता. पंप इंजिनच्या कॅमवर चाले, कार्ब्युरेटर पेट्रोल मोजून देई. इंजिन फिरलं की पंप फिरला, थांबलं की थांबला.

विजेचा पंप आला तो इंजेक्शनबरोबर. अमेरिकेत गेलेल्या हायलक्स पिकअपमध्ये १९८०च्या दशकाच्या मध्याला २२आर-ई हे इंजिन आलं. आता पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. इंजेक्टरला अडीच-तीन किलोचा दाब लागतो, तो हा पंप देतो. पण बॅटरीवर चालणाऱ्या पंपाला इंजिन थांबल्याचं कळत नाही. अपघात झाला, पाइप फुटला, इंजिन बंद पडलं, किल्ली मात्र चालूच राहिली, तर हा पंप तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतत राहील. म्हणून अभियंत्यांनी पंपाच्या वाटेत एक पहारेकरी बसवला. त्याला सर्किट ओपनिंग रिले म्हणतात. माझ्या मते या पिकअपमधली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे डॅशबोर्डखाली दडलेली ही छोटी डबी.

तिच्यात दोन कॉइल असतात. सेल्फ मारताना स्टार्टरच्या वायरवरून पहिल्या कॉइलला करंट मिळतो, रिले ओढला जातो, पंप चालतो. किल्ली सोडली की ही कॉइल मोकळी होते. तेव्हा रिले धरून ठेवायचं काम दुसऱ्या कॉइलचं, आणि तिचं अर्थिंग येतं थेट एअर फ्लो मीटरमधून. बॉशच्या एल-जेट्रॉनिक पद्धतीच्या या मीटरमध्ये एक झडप असते. इंजिन हवा ओढू लागलं की झडप उघडते, आतला बारीक स्विच जुळतो आणि रिलेला निरोप जातो की इंजिन जिवंत आहे, पंप चालू ठेव. हवा थांबली, झडप मिटली, पंप बंद.

सकाळच्या त्या गाडीचं वागणं आता उलगडतं. सेल्फवर पकडते, म्हणजे पहिला रस्ता ठीक, पंप ठीक, टाकीपर्यंतची वायर ठीक. सोडल्यावर मरते, म्हणजे दुसरा निरोप पोचत नाही. एक तर रिलेची दुसरी कॉइल गेली, किंवा मीटरमधला स्विच झिजला. तिसरी शक्यता मला सगळ्यांत विलक्षण वाटते: मीटर आणि थ्रॉटल यांच्यामधला रबरी पाइप चिरलेला असतो. इंजिन त्या चिरेतून हवा ओढतं, झडपेपाशी ओढ पुरेशी पोचत नाही, ती उघडत नाही, आणि रबर फाटलं म्हणून विजेचा पंप बंद पडतो. जुनी गाडी इथे स्वतःला अपघात झालाय असं समजते आणि अगदी बरोबर वागते. दोष शोधणाऱ्याला आधी तिचं हे म्हणणं समजून घ्यावं लागतं.

टोयोटाने त्यासाठी सोयही करून ठेवली आहे. बॉनेटखाली एक चेक कनेक्टर असतो. त्यात बी-प्लस आणि एफपी या दोन खुणांच्या टोकांमध्ये वायरचा छोटा तुकडा घालायचा आणि इंजिन न लावता किल्ली ऑन करायची. पंप रिलेला वळसा घालून सरळ चालतो. टाकीजवळ कान दिला की घरघर ऐकू येते, पेट्रोलचा रबरी पाइप चिमटीत धरला की दाब बोटांना कळतो. पंप असा चालला, तर हौद्याला हात लावायचं कारण उरत नाही. दोष पुढे, रिले किंवा मीटरमध्ये आहे. नाही चालला, तर मागे जायचं. कुणी टाकीला खालून लाकडाचा ठोकाही देतात आणि अडकलेला पंप त्याने कधी कधी सुटतो. तो उपाय घरी पोचण्यापुरता. त्या पंपाचे ब्रश बहुधा संपत आले आहेत हे त्यातून कळतं.

मागच्या भागातला दोष जास्त लबाड. पंपाचा प्लग काढून व्होल्टमीटर लावला तर चोख बारा व्होल्ट दिसतात, प्लग जोडला की पंप गप्प. इथे पुष्कळ चांगले पंप बळी जातात. वायरच्या आत तांब्याला हिरवा गंज चढलेला असतो, दहातली एखादी तार धड असते. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे त्या एका तारेतूनही बारा व्होल्ट दिसतात. पंपाला मात्र चार-पाच अँपिअर लागतात. गंजलेल्या जोडात नुसता एक ओहम अडथळा असेल, तर पाच अँपिअरला पाच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि पंपाच्या वाट्याला उरतात सात.

हामुरा जपानी माणसाला माहीत आहे ते ट्रकमुळे नव्हे, पाण्यामुळे. १६५३ साली तामा नदीचं पाणी इथून एदोकडे, म्हणजे आजच्या टोकियोकडे, कालव्याने वळवलं गेलं. योत्सुयापर्यंत सुमारे ४३ किलोमीटर, आणि एवढ्या अंतरात जमिनीचा उतार जेमतेम ९२ मीटर. वाटेत कुठे उतार वाया गेला असता, तर शेवटच्या टोकाला पाणी पोचलं नसतं. बॅटरीचे बारा व्होल्ट हा तसाच मोजका उतार आहे आणि तो कुठे वाया जातोय हे पाणी वाहत असतानाच कळतं. म्हणून मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी पंपाच्या प्लसवर, आणि पंप जोडलेला, चालू. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर चोर याच वाटेत आहे. मग तसंच पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. ही दुसरी मोजणी बरेच जण टाळतात, आणि दोष पुष्कळदा तिथेच सापडतो. बर्फाच्या रस्त्यांवर टाकलेलं मीठ, किनाऱ्याची हवा, मागच्या चाकांनी उडवलेला चिखल, हे सगळं चासीवरच्या त्या एका बोल्टवर येऊन बसतं. टोयोटात अर्थिंगची वायर बहुधा पांढरी असते आणि तिच्यावर काळी रेघ. काळी वायर म्हणजे अर्थिंग असं धरून चालणारा माणूस इथे हमखास चुकतो.

जपानमध्ये या कामाची वेगळी दुकानं आहेत. आपल्याकडे इंजिनचा मिस्त्री वेगळा आणि वायरिंगवाला वेगळा, तसंच. तिथे गाड्यांच्या विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र सरकारी पात्रता परीक्षा आहे. साधी गॅरेजं विजेचं अडलेलं काम या दुकानांकडे पाठवतात. जपानी मिस्त्रीला सुरुवातीलाच तीन गोष्टी पाठ करायला लावतात: चांगलं मिश्रण, चांगलं कॉम्प्रेशन, चांगली ठिणगी. बंद पडलेल्या इंजिनात यांतली कोणती हरवली हे आधी ठरवायचं, पाना नंतर उचलायचा. टोयोटाची प्रत्येक मॉडेलसाठी वायरिंगच्या नकाशांची वेगळी पुस्तकं असत, आणि जुन्या गाडीसाठी ते पुस्तक हाताशी असणं हे नव्या पंपापेक्षा मोलाचं आहे.

अशा जुन्या पिकअप आता खुद्द टोकियोत विरळा. १ ऑक्टोबर २००३ पासून टोकियोने आणि शेजारच्या सैतामा, चिबा, कानागावा या प्रांतांनी काळा धूर सोडणाऱ्या जुन्या डिझेल ट्रकना बंदी केली. राज्यपाल शिंतारो इशिहारा यांनी बाटलीत भरलेली काजळी पत्रकारांपुढे धरली होती ती याच मोहिमेत. नोंदणीनंतरची सात वर्षं सवलतीची. पुढे फिल्टर बसवा नाहीतर हद्दीबाहेर जा. जपानमधल्या हायलक्स मोठ्या संख्येने डिझेलच्या होत्या. २००४ मध्ये टोयोटाने जपानी बाजारातून हायलक्सच काढून घेतली आणि २०१७ मध्ये ती परत आली ती थायलंडमध्ये बनून. शहराच्या हवेसाठी बंदीचा निर्णय योग्यच होता. पण जिथे या जुन्या गाडीचा जन्म झाला तिथेच तिला जागा उरली नाही, आणि हे मला आजही बोचतं.

त्या डिझेल गाड्यांत इंधनाची वीज म्हणजे जवळजवळ एकच वायर. इंजेक्शन पंपाच्या पाठीवर एक सोलेनॉइड असतो. त्याला बारा व्होल्ट मिळाले की डिझेलची वाट उघडते, तुटले की इंजिन बंद. किल्ली ऑन करून ती वायर काढून पुन्हा टेकवली आणि ‘टक्’ असा आवाज आला, तर निदान सोलेनॉइड हलतोय. दोन मिनिटांची ही परीक्षा न करता पंप खोलायला पाठवला, तर मालकाचा आठवडा आणि पैसे दोन्ही जातात.

पंप कधीच दोषी नसतो असं मात्र नाही. २०२० मध्ये देन्सो या कंपनीच्या इंधन पंपांतले प्लॅस्टिकचे इम्पेलर पेट्रोलने फुगून अडकतात असं निघालं आणि टोयोटाला जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तिथे वायर, रिले, अर्थिंग सगळं ठीक होतं. मोटार फिरायला बघत होती आणि पंख्याला जागा नव्हती. अशा पंपाला पुरेसे व्होल्ट मिळतात आणि दाब मात्र येत नाही. मोजूनच ते कळतं.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९८०च्या दशकात डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी आणि स्वराज माझदा अशा चार जपानी भागीदाऱ्या हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या आणि १९८६ मध्ये टेल्कोने ४०७ आणून त्यांना उत्तर दिलं. ती गाडी आजही बाजार समित्यांच्या आवारात माल उतरवताना दिसते. त्या पिढीचे आपले वायरिंगवाले नकाशाशिवाय, नुसत्या रंगांच्या आठवणीवर काम शिकले, आणि त्यांचं कौशल्य मी कमी मानत नाही. पण आजच्या पेट्रोलच्या छोट्या टेम्पोतही टाकीत पंप आहे, पहारेकरी रिले आहे, आणि झडपेऐवजी क्रँकचा सेन्सर इंजिन जिवंत असल्याचा निरोप कॉम्प्युटरला देतो. हामुराच्या जुन्या पिकअपवर जी परीक्षा चालते ती इथेही चालते. तिला लागतो एक मीटर, सेल्फ मारायला दुसरा माणूस आणि वायरिंगचा नकाशा. पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक गॅरेजात आहेत. नकाशे कंपन्यांकडे आहेत, आणि गाडीचं उत्पादन थांबल्यावर तरी ते गावोगावच्या वायरिंगवाल्यांसाठी खुले करायला त्यांची हरकत नसावी.