वॉटसनचा लोखंडी सांगाडा

मुंबईत काळा घोड्याजवळ, महात्मा गांधी मार्गाला लागून असलेली एस्प्लनेड मॅन्शन ही बिडाच्या सांगाड्यावर उभारलेली भारतातली सर्वांत जुनी शिल्लक बहुमजली इमारत मानली जाते. लोक तिला वॉटसन हॉटेल म्हणून ओळखत आले. बांधायचे ठरले तेव्हा मात्र हॉटेलाचा बेत नव्हता. जॉन वॉटसन हा कापडाचा इंग्रज व्यापारी. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत फोर्टचा तट पाडला गेला आणि एस्प्लनेडवरचे भूखंड लिलावात निघाले. वॉटसनने त्यांतला एक घेतला, तो खाली कापडाचे दुकान आणि वर बिऱ्हाड या हिशेबाने. हॉटेल मागाहून सुचले.

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाच्या अवाढव्य छपरातही त्याचा हात होता. डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतलेले सुटे भाग जहाजाने मुंबईत आणून जागेवर जोडण्यात आले. १८६७ ते १८६९ दरम्यान सांगाडा उभा राहिला आणि १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले. या बांधणीत भार खांब आणि तुळया पेलतात, विटांच्या भिंती केवळ मधली जागा भरून काढतात. भिंत हलवली, पाडली किंवा नवी घातली तरी मजला जागचा हलत नाही. वॉटसनला बेत बदलता आला आणि त्याच्यानंतर इतरांनाही तो पुन्हा पुन्हा बदलता आला, याचे मूळ बरेचसे या रचनेत आहे.

पाच मजले, सुमारे १३० खोल्या आणि रस्त्याच्या अंगाला सलग सज्जे असलेले हे हॉटेल पाहता पाहता शहरात पहिल्या पंक्तीला जाऊन बसले. प्रवेश फक्त युरोपियनांना. जमशेटजी टाटांना येथे दारातून परत पाठवले आणि म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही गोष्ट सर्वतोमुखी आहे. तिला समकालीन पुरावा नाही आणि अनेक इतिहासकार ती खरी मानत नाहीत. पण ऐकायला इतकी गोड गोष्ट पुराव्यावाचून अडत नाही. १८९६ च्या आरंभी मार्क ट्वेन येथे उतरला होता. मुंबईच्या कावळ्यांवर त्याने पुढे मोठ्या चवीने लिहिले. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए बंधूंचा प्रतिनिधी मारियुस सेस्तिए याने येथे ‘चलच्चित्रां’चा खेळ लावला. तिकीट एक रुपया, चित्रे सहा. स्टेशनात शिरणारी आगगाडी त्यांत होती, तशी पाडली जाणारी भिंतही. भारतातला सिनेमा या दिवसापासून मोजतात.

१९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले आणि वॉटसनचा भाव उतरला. हॉटेल पुढे बंद पडले, मालक बदलले, आणि खोल्यांचे गाळे पाडून ते भाड्याने दिले गेले. शेजारी उच्च न्यायालय आणि दिवाणी व सत्र न्यायालय असल्याने वकिलांच्या दृष्टीने जागा सोन्यासारखी होती. एकेका खोलीत लाकडी पार्टिशन घालून दोन-तीन ऑफिसे झाली, वर पोटमाळे चढले, सज्जे बंदिस्त करून जागा वाढवली गेली. काही खोल्यांत कुटुंबे राहत होती, तळमजल्यावर दुकाने होती. मधल्या चौकाच्या भिंतींवरून विजेच्या तारांचे जंजाळ लोंबत असे.

दुरुस्ती मात्र कोणाच्याच अंगावर नव्हती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. त्या पैशात साधी डागडुजीसुद्धा निघत नसे, म्हणून मालकाने हात आखडता घेतला. जागेवर आपला कायमचा हक्क असल्याच्या भरवशावर भाडेकरू होते, पण सांगाडा सांभाळणे हे त्यांचे काम नव्हते. बीड दाब चांगला सोसते, पण ताण आला की वाकत नाही, एकदम तुटते. गळती, गंज आणि वाढीव ओझे यांपुढे बाहेर झेपावलेले सज्जे आधी हरले. २००५ मध्ये दर्शनी भागाचा सज्जा कोसळून एकाचा जीव गेला. जागतिक स्मारक निधीने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत या इमारतीचे नाव घातले. हेरिटेज दर्जा आधीपासून होता, पण नुसत्या दर्जाने टेकू लागत नाहीत.

२०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी करण्यात आली. म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने आयआयटी मुंबईकडून पाहणी करून घेतली तेव्हा इमारत पाडावी असा अभिप्राय आला. वारसा-संवर्धनातल्या जाणकारांनी तो अमान्य करून दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले. वाद तांत्रिक दिसतो, पण खरी गाठ हक्कांची आहे. इमारत दुरुस्त केली तर जुन्या भाडेकरूंचा परत येण्याचा दावा उभा राहतो आणि मालकाच्या पदरी पुन्हा तेच भाडे पडते. हॉटेल, संग्रहालय किंवा कलादालन असे काही तेथे करायचे म्हटले, तरी आधी त्या दाव्यांचा निकाल लावावा लागतो.