स्पोर्ट्‌स कारच्या टायरांची निवड

स्पोर्ट्‌स कारचे मूळ टायर झिजल्यावर किंवा जुने झाल्यावर त्यांच्या जागी नवे टायर निवडताना माप, भारक्षमता, वेगश्रेणी, रबराचे मिश्रण, हवामान आणि टायरचे वय या सर्वांचा एकत्रित विचार करावा लागतो. धावत्या गाडीच्या प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया त्या भागाच्या पकडीवर अवलंबून असतात. स्पोर्ट्‌स कारची ब्रेकप्रणाली, सस्पेन्शन व इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे विशिष्ट टायर गृहीत धरून जुळविलेली असतात. त्यामुळे केवळ रिमवर बसतो म्हणून कोणताही टायर योग्य ठरत नाही.

माप

टायरचे माप त्याच्या कडेच्या भिंतीवर कोरलेले असते. पोर्शे ९११ च्या ९९२ या पिढीतील कॅरेरा या प्रकारास पुढे २३५/४० झेडआर १९ आणि मागे २९५/३५ झेडआर २० मापाचे टायर असतात. यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये दर्शवितो, तर दुसरा कडेच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि शेवटचा आकडा म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. या हिशेबाने पुढील टायरची भिंत ९४ मिलिमीटर, तर मागील टायरची सुमारे १०३ मिलिमीटर उंच असते. टक्केवारी कमी असूनही मागील भिंत अधिक उंच असते, कारण मागील टायर अधिक रुंद आहे. पुढील टायरचा एकूण व्यास सुमारे ६७१ आणि मागील टायरचा सुमारे ७१५ मिलिमीटर भरतो.

या गाडीचे इंजिन मागील चाकांच्याही मागे असल्याने तिचा अधिक भार मागील चाकांवर पडतो आणि इंजिनाची शक्तीही त्याच चाकांना मिळते. म्हणून मागील टायर रुंद ठेवलेले असतात. सामान्य मोटारीप्रमाणे पुढचे टायर मागे व मागचे पुढे लावून झीज सारखी करण्याची सोय येथे राहत नाही.

मूळ व्यासात फरक पडल्यास वेगदर्शक चुकीचा वेग दाखवू शकतो. पुढील व मागील व्यासांचे परस्परप्रमाण बिघडल्यास चाकांच्या वेगांची तुलना करणाऱ्या नियंत्रणप्रणालींना चुकीची माहिती मिळते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांमध्ये अशा फरकाचा ताण थेट शक्तिवहनाच्या भागांवर येतो.

भार व वेगश्रेणी

मापानंतर भारनिर्देशांक व वेगश्रेणीचे अक्षर असते. उदाहरणार्थ, ९९ हा निर्देशांक प्रत्येक टायरमागे ७७५ किलोग्रॅम भार दर्शवितो. वेगश्रेणीत ‘एच’ म्हणजे ताशी २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० आणि ‘वाय’ म्हणजे ३०० किलोमीटर. ‘वाय’ कंसात असल्यास टायर ३०० च्याही पुढील वेगासाठी असतो. वाहननिर्मात्याने सांगितलेल्या श्रेणीपेक्षा खालचा टायर स्वस्त पडला, तरी अतिवेगात निर्माण होणारी उष्णता सहन करण्याची त्याची क्षमता कमी असते.

वाहननिर्मात्याची खूण

काही टायर विशिष्ट वाहननिर्मात्यासाठी जुळवून घेतलेले असतात. पोर्शेसाठी ‘एन’ व त्यापुढील अंक, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीज-बेंझसाठी ‘एमओ’ आणि ऑडीसाठी ‘एओ’ अशा खुणा आढळतात. एकाच नावाच्या व मापाच्या दोन टायरांची अंतर्गत रचना या खुणेनुसार वेगळी असू शकते. म्हणून खूण असलेले व नसलेले टायर एकाच गाडीवर मिसळणे टाळले जाते.

मिश्रण व हवामान

मऊ मिश्रणाचे रबर सहसा अधिक पकड देते, पण लवकर झिजते. उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सियसखाली कडक होऊ लागते. त्यामुळे थंड प्रदेशांत हिवाळ्यासाठी स्वतंत्र संच वापरला जातो. शर्यतीच्या मार्गासाठी बनविलेल्या काही टायरांवर खाचा कमी व उथळ असतात. कोरड्या रस्त्यावर त्यांची पकड उत्तम असते, परंतु साचलेले पाणी बाहेर टाकण्याची क्षमता कमी असल्याने ते पाण्याच्या थरावर लवकर तरंगू लागतात. कोकण किंवा सह्याद्रीच्या घाटांतील पावसाळ्यात असे टायर धोक्याचे ठरतात.

अमेरिकेतील टायरांवर झीजनिर्देशांक असतो. तो १०० या आधाराशी तुलना करून टायरनिर्माता स्वतः ठरवितो, म्हणून दोन भिन्न कंपन्यांच्या निर्देशांकांची तुलना फारशी विश्वसनीय नसते. युरोपीय संघात मे २०२१ पासून लागू असलेल्या लेबलवर ओल्या रस्त्यावरील पकड ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणींत दिली जाते. तेथे मोटारींच्या टायरांवरील खाचांची किमान कायदेशीर खोली १.६ मिलिमीटर आहे. ओल्या रस्त्यावरील पकड मात्र त्याआधीच बरीच घटलेली असते.

टायरचे वय

स्पोर्ट्‌स कार बहुधा कमी अंतर धावते. त्यामुळे खाचा शाबूत असतानाच रबर कडक व ठिसूळ होण्याचा संभव असतो. ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकेतातील शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथे पोर्शे कॅरेरा जीटी या गाडीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर व गाडीचा चालक यांचा मृत्यू झाला. मार्च २०१४ मध्ये जाहीर झालेल्या पोलीस तपासात असुरक्षित वेग हे अपघाताचे कारण ठरविण्यात आले. ताशी सुमारे ७२ किलोमीटर मर्यादेच्या रस्त्यावर गाडी ताशी १२९ ते १५० किलोमीटर वेगाने धावत होती. तिचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या नियंत्रणावर परिणाम झाला असू शकतो, असेही तपासकर्त्यांनी नोंदविले.

बसविताना घ्यावयाची काळजी

एकाच आसावरील दोन्ही टायर एकाच वेळी बदलले जातात. चारही चाकांचे माप समान असून दोनच टायर नवे घ्यावयाचे असतील, तर ते सहसा मागे बसवितात. मागील चाकांची पकड आधी सुटल्यास गाडी गरकन फिरते आणि तिला सावरणे सामान्य चालकास कठीण जाते. टायर बसविल्यावर चाकांचे बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घेतले जाते. हवेचा दाब टायर थंड असताना, वाहननिर्मात्याच्या तक्त्यानुसार भरला जातो. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीस गुळगुळीत असल्याने पूर्ण पकड येईपर्यंत गाडी संयमाने चालविणे इष्ट ठरते.

हे सुद्धा पहा

टायर
रेडियल टायर
पोर्शे ९११