बेकारी लाभ व स्वेच्छेने नोकरीत्याग

काम करण्यास समर्थ व राजी असूनही ज्यास काम मिळत नाही, अशा कामगारास विमा निधीतून अथवा सरकारी तिजोरीतून ठराविक काळपर्यंत मिळणाऱ्या रोख साहाय्यास ‘बेकारी लाभ’ म्हणतात. हा लाभ मूलतः कामगाराच्या इच्छेविरुद्ध ओढवलेल्या बेकारीसाठी असतो. कामगाराने स्वतःहून राजीनामा दिल्यास त्याची बेकारी ऐच्छिक ठरते काय आणि तशी ती ठरल्यास लाभावरील त्याचा हक्क कितपत उरतो, हा सामाजिक सुरक्षेच्या कायद्यातील एक जुना व वादग्रस्त प्रश्न आहे. अपुरे किंवा थकलेले वेतन, धोक्याचे काम, वरिष्ठांचा जाच, प्रकृतीस न मानवणारी पाळी इ. कारणांनी नोकरी सोडणारा कामगार कागदोपत्री स्वेच्छेने बाहेर पडतो. व्यवहारात मात्र त्याच्यापुढे निवडीस फारसा वाव असतोच असे नाही.

तात्त्विक भूमिका : विमा हा अनिश्चित व अनाहूत आपत्तीविरुद्ध उतरविला जातो. स्वतःच्या हाताने घरास आग लावणाऱ्यास आगीच्या विम्याची भरपाई मिळत नाही. त्याच न्यायाने आपली बेकारी आपणच ओढवून घेणाऱ्यास सर्वांच्या वर्गणीतून जमलेल्या निधीवर हक्क सांगता येणार नाही, असा एक युक्तिवाद केला जातो. तसा हक्क दिल्यास नोकऱ्या सहजगत्या सोडल्या जातील व निधीवर ताण पडेल, अशीही भीती असते. ह्याउलट, राजीनामा देणाऱ्यास लाभ पूर्णपणे नाकारला, तर हातावर पोट असलेला कामगार कोणत्याही अटींवर नोकरीस जखडला जातो आणि मालकावरील एक महत्त्वाचा अंकुश नाहीसा होतो. शिवाय, ज्यास काढून टाकावयाचे त्याचे काम असह्य करून त्याच्याकडूनच राजीनामा घेण्याचा मार्ग मालकास मोकळा राहतो. ह्या दोन टोकांमधील तडजोड म्हणून बहुतेक देशांनी ‘योग्य कारणावाचून’ नोकरी सोडणाऱ्यापुरतीच अपात्रता मर्यादित केली आहे.

इतर देशांतील विकास : बेल्जियममधील गेंट शहराने १९०१ मध्ये कामगार संघटनांच्या बेकारी निधींना नगरपालिकेचे अनुदान देण्याची पद्धत सुरू केली. राष्ट्रीय पातळीवरील सक्तीचा बेकारी विमा प्रथम ग्रेट ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा अधिनियमान्वये आला. इमारत-बांधकाम, जहाजबांधणी, अभियांत्रिकी अशा निवडक व्यवसायांतील कामगारांस त्याद्वारे वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे, दर आठवड्यास ७ शिलिंग मिळत. गैरवर्तनामुळे नोकरी गमावणाऱ्यास अथवा योग्य कारणावाचून ती सोडणाऱ्यास मात्र सहा आठवडे लाभ मिळत नसे. हे कलम पुढे अनेक देशांच्या कायद्यांचा नमुना ठरले. खुद्द ब्रिटनमध्ये ही मुदत १९८६ मध्ये १३ आठवड्यांवर व १९८८ मध्ये २६ आठवड्यांवर नेण्यात आली. जर्मनीत १९२७ मध्ये बेकारी विमा सुरू झाला. तेथे सबळ कारण नसताना नोकरी सोडणाऱ्यास सर्वसाधारणपणे १२ आठवड्यांची बंदी लागू होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विस्कॉन्सिन राज्याने १९३२ मध्ये असा कायदा केला व १९३५ च्या सामाजिक सुरक्षा अधिनियमानंतर ही पद्धत देशभर पसरली. तेथे पात्रतेचे नियम राज्यागणिक बदलतात. अनेक राज्यांत नोकरी सोडण्याचे कारण मालकाच्या वर्तनाशी किंवा कामाशी निगडित असावे लागते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या सामाजिक सुरक्षाविषयक संकेतानुसार (क्र. १०२) योग्य कारणावाचून स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याचा बेकारी लाभ स्थगित करण्यास राष्ट्रांस मुभा आहे. १९८८ च्या संकेतातही (क्र. १६८) हेच तत्त्व कायम ठेवण्यात आले. लाभ स्थगित करणे हे ह्या संकेतांनी राष्ट्रांवर बंधनकारक केलेले नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

योग्य कारण व पुराव्याची जबाबदारी : निरनिराळ्या देशांतील निर्णयांवरून काही सर्वसाधारण नियम दिसून येतात. वेतन थकविणे, ठरलेल्या सेवाशर्ती कामगाराच्या संमतीवाचून बदलणे, सुरक्षिततेची साधने न पुरविणे, बेकायदेशीर कृत्य करावयास सांगणे, लैंगिक छळ, तसेच वैद्यकीय सल्ल्यानुसार ते काम न झेपणे ही कारणे बहुधा मान्य होतात. केवळ कामाचा कंटाळा, अन्यत्र अधिक वेतनाची आशा किंवा वरिष्ठांशी झालेला किरकोळ खटका ही सहसा मान्य होत नाहीत. गाऱ्हाणे खरे असले, तरी ते नोकरी सोडण्यापूर्वी मालकाच्या कानी घातले होते काय, रजा अथवा बदली मागितली होती काय, हे तपासले जाते. पुराव्याची जबाबदारीही विभागलेली असते. ब्रिटिश पद्धतीत नोकरी स्वेच्छेने सोडली हे आधी अधिकाऱ्यास दाखवावे लागते. ते सिद्ध झाल्यावर योग्य कारण होते, हे दाखविण्याचे ओझे अर्जदारावर येते. त्यामुळे लेखी तक्रारींच्या प्रती, वेतनचिठ्ठ्या व वैद्यकीय दाखले ह्यांना निर्णायक महत्त्व प्राप्त होते.

भारतातील स्थिती : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये, आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत राहून, कामाच्या व बेकारीत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद राज्याने करावी, असे मार्गदर्शक तत्त्व नमूद आहे. तथापि सर्व कामगारांस लागू होणारा बेकारी विमा भारतात निर्माण झालेला नाही. त्याची उणीव प्रथम मालकावर भरपाईची जबाबदारी टाकून अंशतः भरून काढण्यात आली. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये १९५३ साली झालेल्या दुरुस्तीने कामगारकपातीच्या वेळी एक महिन्याची पूर्वसूचना व सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देणे आवश्यक ठरले. मात्र कपातीच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती वगळण्यात आली होती. तात्पुरत्या कामबंदीच्या (ले-ऑफच्या) काळात निम्मे वेतन मिळे. परंतु त्याच मालकाच्या पाच मैलांच्या आतील आस्थापनेत देऊ केलेले समतुल्य काम कामगाराने नाकारल्यास तेही मिळत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा अधिनियम जाऊन त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली. तीत कपात झालेल्या कामगारासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून देण्याची तरतूद आहे; राजीनामा देणाऱ्यास ती लागू नाही.

विम्याच्या स्वरूपाची तरतूद कर्मचारी राज्य विमा योजनेत आढळते. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून सुरू झाली. कारखाना बंद पडणे, कपात होणे अथवा कामाशी संबंध नसलेल्या कारणाने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येणे, ह्या तीनच प्रसंगी तिच्याखाली भत्ता मिळू शकतो. स्वेच्छेने नोकरी सोडणे व शिस्तभंगाबद्दल बडतर्फी हे प्रसंग तिच्यातून वगळले आहेत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून प्रायोगिक स्वरूपात अमलात आली. तीत सरासरी दैनिक कमाईच्या २५ टक्के दराने, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस साहाय्य देण्याचे ठरले. कोव्हिड साथीच्या काळात, २०२० मध्ये, हा दर ५० टक्के करण्यात आला, पात्रतेच्या अटी सैल करण्यात आल्या व मालकामार्फत न जाता शाखा कार्यालयात थेट अर्ज करण्याची सोय झाली. परंतु गैरवर्तनाची शिक्षा, नियत वयोमानाने निवृत्ती अथवा स्वेच्छानिवृत्ती ह्यांमुळे आलेली बेकारी ह्याही योजनेच्या बाहेरच राहिली. ह्या योजनांत ‘योग्य कारणा’चा अपवाद ठेवलेला नाही, हा भारतीय व पाश्चात्त्य पद्धतींतील मोठा भेद होय.

राजीनामा देणाऱ्याच्या हाती बेकारी लाभ पडत नसला, तरी सेवेतून साठलेले काही हक्क त्यास मिळतात. पाच वर्षांची सलग सेवा झाली असल्यास राजीनाम्यानंतरही उपदान (ग्रॅच्युइटी) देय असते. १९७२ च्या अधिनियमातील हे तत्त्व सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये कायम आहे. भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम ही कामगाराचीच असल्याने नोकरी कशी संपली, ह्यावर ती अवलंबून नसते. राहिलेले वेतन व शिल्लक अर्जित रजेचा मोबदलाही मागता येतो. मात्र हे सारे आधी कमावलेले धन आहे; बेकारीच्या आपत्तीत समाजाने दिलेला तो आधार नव्हे.

राजीनामा व परित्याग : कामगार कामावर येत नाही म्हणजे त्याने नोकरी सोडली, असे मालकाने गृहीत धरल्यामुळे अनेक वाद उद्‌भवतात. केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया ह्या कंपनीच्या प्रकरणात, संपावर गेलेल्या कामगारांनी नोकरीचा परित्याग केला असे मानता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिला. परित्याग हा हेतूचा प्रश्न असून तो परिस्थितीवरून ठरवावा लागतो, असे न्यायालयाचे मत होते. पुढे १९९३ मध्ये, स्थायी आदेशानुसार आठ दिवसांहून अधिक गैरहजेरीमुळे सेवा आपोआप संपल्याचे मानणेही चौकशीवाचून व बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून न्याय्य नाही, असे त्याच न्यायालयाने ठरविले. ‘स्वेच्छेने सोडली’ हा हजेरीपटावरील शेरा म्हणूनच अंतिम मानता येत नाही.

ग्रामीण रोजगार व महाराष्ट्र : महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेची कल्पना विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे ह्यांनी मांडली. १९७२-७३ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला व १९७७ चा तत्संबंधीचा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम देता न आल्यास बेकारी भत्ता देण्याचे दायित्व त्यात शासनाने स्वीकारले. केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी अधिनियमात, मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक-चतुर्थांश व नंतर किमान निम्मा भत्ता देण्याची तरतूद होती. दिलेले काम न स्वीकारणारा, कळविल्यापासून १५ दिवसांत हजर न होणारा अथवा परवानगीवाचून आठवड्याहून अधिक काळ गैरहजर राहणारा मजूर तीन महिने ह्या भत्त्यास अपात्र ठरे. ब्रिटनमधील १९११ च्या कलमाचेच हे ग्रामीण रूप म्हणता येईल. ह्या अधिनियमाची जागा घेणारा नवा अधिनियम संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरसारख्या गावाच्या संदर्भात ह्या नियमांचा परिणाम स्पष्ट होतो. कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरील हे लहान नगर, पूर्वीच्या विशाळगड जहागिरीचे मुख्य ठिकाण, डोंगराळ व अतिपावसाच्या प्रदेशात वसले आहे. आसपासच्या खेड्यांत जमीन तुटपुंजी असल्याने येथील माणसे मुंबईस, तसेच शिरोली, गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत व साखर कारखान्यांत कामासाठी जातात. ह्या एकाच परिसरातील तीन कामगारांची स्थिती नियमांमुळे अगदी भिन्न होते. ओतशाळा बंद पडल्याने घरी परतलेला विमाधारक कामगार भत्त्याचा अर्ज करू शकतो. साखर कारखान्यातील हंगामी कामगारास गाळप बंद असतानाच्या काळात, पुढील हंगामात तो पुन्हा रुजू होईल ह्या अपेक्षेने, धारणा भत्ता मिळतो. भट्टीच्या धगीने वा धुराने प्रकृती ढासळल्यामुळे राजीनामा देऊन आलेला तिसरा कामगार मात्र, त्याने विम्याची वर्गणी कितीही वर्षे भरलेली असली, तरी बेकारी लाभापासून वंचित राहतो. त्यास उरतो तो शेतीचा व गावच्या मजुरीचा आसरा. अशा कामगाराने राजीनाम्यापूर्वी विमा दवाखान्यात आपली प्रकृती तपासून घेतल्यास आजारपणाचा लाभ, आणि आजार व्यवसायजन्य ठरल्यास अपंगत्वाचा लाभ मिळण्याची शक्यता असते. राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहिल्यास आजाराचा कामाशी असलेला संबंध पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

समालोचन : कामगाराने नोकरी सोडण्याचा हक्क हा वेठीपासून मुक्ततेचाच एक भाग होय. परंतु सोडल्यानंतर दोन महिने चूल कशी पेटवावी, ह्याची सोय नसल्यास तो हक्क नाममात्र राहतो. ऐच्छिक व अनैच्छिक बेकारी ह्यांतील सीमारेषा निधीच्या रक्षणासाठी आवश्यक असली, तरी ती केवळ राजीनाम्याच्या कागदावरून आखल्यास ज्यांना नोकरी सर्वांत असह्य झाली त्यांच्यावरच अन्याय होण्याचा संभव असतो. कारणांची निःपक्षपाती चौकशी, मर्यादित मुदतीची अपात्रता व अपिलाची सोय ह्या तीन गोष्टींमुळे अन्य देशांत ही विसंगती बरीचशी सौम्य झाली आहे. भारतात मुळात लाभाची व्याप्तीच विमाधारक संघटित कामगारांपुरती असल्याने व बहुसंख्य कामगार असंघटित क्षेत्रात असल्याने, योग्य कारणाने नोकरी सोडणाऱ्यास संरक्षण देण्याचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.